मळवलीच्या दगडावरची शकुंतला

मळवलीला गाडी थांबते आणि तुम्ही उतरता. चढलात ती पुण्याहून सुटलेली लोकल होती. उतरून मागे बघता, तर वाफेचं इंजिन धापा टाकत उभं. एक्स्प्रेस वेचा अष्टौप्रहर चालणारा घोंघाट एकाएकी बंद झालाय. लोहगड आणि विसापूर मात्र ढगात डोकं खुपसून जिथल्या तिथे आहेत, भाज्याच्या लेण्यांकडे जाणारी वाटही तिथेच आहे. तेवढ्यावरून गावाची खूण पटते. साल 1900, महिना आषाढ. पाऊस तिरका लागलाय. प्लेगचे दिवस आहेत, त्यामुळे परक्या माणसाकडे लोक दोन पावलं लांबूनच बघतात.

तुमच्या पिशवीत हातकागदाच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आहे, छोटी कात्री आहे, डिंकाची बाटली आहे, आणि घरच्या प्रिंटरवर काढलेली राजा रविवर्म्याच्या 'शकुंतला पत्रलेखन'ची एक प्रत. दिवाळीला नातेवाइकांना जुन्या धाटणीची, हातानं केलेली कार्डं पाठवायची असा बेत. चित्र कोणतं घ्यायचं याचा विचार करावा लागला नाही. कार्ड म्हणजे पत्रच, आणि आपल्याकडे पत्र लिहिणारी सगळ्यांत प्रसिद्ध बाई हीच. कमळाच्या पानावर नखानं अक्षरं उमटवणारी, शेजारी दोन सख्या. अडचण वेगळीच आली. मोबाइलवर तिच्या जितक्या प्रती सापडल्या, तितकी तिची रूपं निघाली. कुठे हिरवळ गडद, कुठे पिवळट, कुठे अंगाचा रंग गव्हाळ तर कुठे गुलाबी. खरी कोणती? म्हणून तुम्ही थेट ते चित्र छापणाऱ्या छापखान्यात विचारायला निघालात. हा उद्योग थोडा भाबडा आहे, पण भाबडेपणाशिवाय असल्या कामात कुणी पडत नाही.

छापखाना शोधावा लागत नाही. मावळात 1900 साली यंत्राचा आवाज येणारी ठिकाणं ती किती असणार! रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणली. मग मुंबईत प्लेग आला आणि 1899 साली सगळं बाडबिस्तर घाट चढून इथे मळवलीत आलं. राजेसाहेब स्वतः इथे क्वचितच असतात. ते संस्थानिकांची चित्रं रंगवत देशभर फिरत असतात. कारभार त्यांचे धाकटे बंधू राज वर्मा बघतात, आणि कर्ज वाढत चाललंय. लवकरच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती जाईल. आज तो इथला नोकर आहे, पण यंत्राकडे मालकाच्या नजरेनं बघणारी माणसं चालण्यावरूनही कळतात.

ओसरीवरच दोघे जण कामाला लागलेत. एकावर एक ठेवलेले दोन जाड दगड, मध्ये ओली वाळू, आणि वरचा दगड दोघे मिळून गोल गोल फिरवतायत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेन गावच्या खाणीतला हा चुनखडीचा दगड. पिवळसर असतो तो मऊ, करडा तो कठीण. दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. समुद्र ओलांडून, मग रेल्वेनं बोरघाट चढून तो इथे आलाय.

"काय पाव्हणं, काय बगताय?"

तुम्ही विचारता, काय चाललंय.

"पुसतूय. मागली बाई हाये ह्याच्यावर."

"कोण बाई?"

"आमाला काय ठावं? देवी आसंल न्हाय तर राणी. नीट घासली न्हाय तर छापताना परत उगावती. मंग सायेब बोंब मारतो."

तुमच्या पायाखालून पांढरा गढूळ ओघळ वाहत जातो. कुणाचा तरी चेहरा त्यात विरघळून इंद्रायणीच्या दिशेनं निघालाय. तुम्हाला वाटलं होतं, मूळ चित्र इथे देवासारखं जपून ठेवलेलं असेल. तसे काही दगड आहेतही, ज्यांची मागणी थांबत नाही ते. बाकीच्यांवर वाळू फिरते. दगड महाग आहे, चित्रं पुष्कळ आहेत.

आत गेल्यावर उत्तरेच्या खिडकीशी एक कारागीर वाकून बसलाय. दगडावर आडवी फळी टाकून तिच्यावर मनगट टेकलंय, कारण दगडाला हात लागला तर हाताचा तेलकटपणाही छापून येतो. त्याच्या हातातल्या लेखणीत चरबी, मेण, साबण, काजळी यांची शाई. समोर भिंतीला टेकवलेल्या चित्रात शकुंतला आहे, आणि ती तो ठिपक्या-ठिपक्यानं दगडावर उतरवतोय. रेषा नाहीच. गालाच्या उजेडाकडे ठिपके विरळ होत जातात, हनुवटीखाली दाटतात. तास-दोन तास बघत बसलात तरी गाल काही पुरा होत नाही. आणि हे सगळं उलटं. चित्रात जे उजवीकडे ते दगडावर डावीकडे. पलीकडच्या दगडावर सरस्वती आहे, ती वीणा डावखुऱ्या हातानं वाजवतेय. कागदावर उमटेल तेव्हा उजवी होईल.

असा एकच दगड असता तर ठीक होतं. एकेका चित्राला दहा-बारा दगड, कधी त्याहून जास्त, दर रंगाला वेगळा. आधी बाह्यरेषांचा एक दगड करायचा, त्याचा ठसा तांबड्या पुडीनं बाकीच्या प्रत्येक दगडावर उठवायचा. पूड दिसते पण छापून येत नाही. मग पिवळ्याच्या दगडावर फक्त जिथे जिथे पिवळा हवा तिथेच ठिपके, गुलाबीच्या दगडावर गुलाबीपुरते, निळ्याच्या दगडावर निळ्यापुरते. ही अख्खी शकुंतला आधी मनातल्या मनात दहा-बारा तुकड्यांत फाडता आली पाहिजे. रंगवणाऱ्याची नजर आणि फाडणाऱ्याची नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं स्पष्ट मत असं, की रविवर्म्याच्या तसबिरींचं निम्मं श्रेय या दुसऱ्या नजरेचं आहे. पण सही एकाचीच.

ठिपके झाले की दगडावर डिंकाचं पाणी फिरवायचं, त्यात किंचित आम्ल. कोरा भाग डिंक पितो आणि पाणी धरून ठेवतो. ओल्या जागी तेलकट शाई बसत नाही, ठिपक्यांवर तेवढी बसते. शिळाछापाची सारी विद्या ही एवढीच, तेल आणि पाण्याच्या भांडणावर उभी असलेली. तुम्ही पिशवीतली बाटली चाचपता. तोच बाभळीच्या जातीचा डिंक.

आता तुमचा प्रश्न. "हिचा खरा रंग कोणता?" कारागीर मान वर करून तुमच्याकडे बघतो, मग छपाईच्या यंत्राकडे बोट दाखवतो. तिथे शाई डोळ्यांच्या अंदाजानं खलली जातेय. आजचा खल आणि पुढच्या महिन्याचा खल एकसारखे निघाले तर नवल. त्यातून हा पाऊस. ओल्या हवेत कागद फुगतो, आणि पिवळ्यानंतर गुलाबी चढवेपर्यंत तो केसभर वाढलेला असतो. खुणेला खूण जुळत नाही. कोपऱ्यातल्या बाद कागदांच्या ढिगात एका बाईचं कुंकू भुवईवर गेलंय, दुसरीचे ओठ गालाशी. प्लेगपासून पळून यायला लोणावळ्याच्या कुशीतली, देशातल्या अतिपावसाच्या पट्ट्यातली जागा निवडली, आणि रंगीत छपाईचा पहिला वैरी म्हणजे दमट हवा! कुणी तरी हसलं असेल तेव्हाही.

शिवाय भिंतीला टेकवलेलं ते चित्रही 'पहिलं' नाही. शकुंतलेचं पत्रलेखन रविवर्म्यानं 1876 साली मद्रासच्या प्रदर्शनात मांडलं, ते तिथल्या गव्हर्नरानं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमनं घेतलं. मोनिअर विल्यम्सनं आपल्या 'शाकुंतला'च्या इंग्रजी भाषांतराला तेच मुखचित्र म्हणून लावलं. म्हणजे मळवलीत येण्याआधीच ती कालिदासाच्या श्लोकातून कॅनव्हासवर, कॅनव्हासवरून पुस्तकात गेलेली होती. आणि हा चित्रकार स्वतःच्या गाजलेल्या चित्रांच्या आवृत्त्या स्वतःच काढायचा, मागणी आली की. तुम्ही गंगोत्री शोधायला निघालात आणि जिथे तिथे संगमच लागतायत.

बाजूच्या टेबलावर पोस्टकार्डं आहेत. इथेच काम करणारा पॉल गेऱ्हार्ट हा जर्मन चित्रकार अशा कार्डांसाठी चित्रं काढतो. सरकारी पोस्टकार्ड हिंदुस्थानात 1 जुलै 1879 पासून, पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. चित्राचं कार्ड हा नवा शौक. एक कार्ड उचलून बघा. पाठीमागे फक्त पत्ता लिहायची मुभा आहे. मजकूर लिहायचा तर चित्राच्याच बाजूला. म्हणून चित्र एका अंगाला सरकवलंय, खाली आणि कडेला कोरी जागा सोडलीय. तसबिरीची मांडणी इथे चालत नाही. मोठ्या चित्रात दहा वस्तू असतील तर कार्डावर तीन राहतात. कारंजं, झाड, हरीण, सगळं जातं आणि एक मान वळवलेली बाई उरते. काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं, यात कार्ड करणाऱ्याचा कस लागतो. घरी बसून तुम्ही सख्यांसकट सगळी शकुंतला चार बाय सहामध्ये कोंबत होतात, ती का गुदमरत होती ते आता कळतं.

दाराबाहेर पडता आणि सात वर्षं पुढे येता. पाऊस तोच. लोणावळ्यात आता आणखी एक छापखाना आहे. 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स'. मालक त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला फोटोचा धंदा करून बसलेले, पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडून आलेले. रविवर्मा प्रेससाठी फोटोवरून दगडावर उतरवायचे ठसे हे इथलं मुख्य काम. ठिपके देणाऱ्या माणसाचा महिना इथे कॅमेरा गिळतो. काचेवर फोटो घ्यायचा, प्रकाशानं घट्ट होणाऱ्या सरसाच्या कागदावर तो उतरवायचा, शाई लावून दगडावर दाबायचा. मोठं चित्र लहान करायचं? कॅमेरा मागे सरकवा. चित्र उलटं करायचं? काच उलटी करा. तुम्ही दोन बोटांनी मोबाइलवर जे करता ते फाळके लाकडी पेटीच्या कातडी भात्यानं करतायत. याच माणसाच्या हातून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येणार आहे. देवादिकांची तसबीर लहान-मोठी, उलटसुलट करत बसलेल्या माणसाला एक दिवस ती हलवून बघावीशी वाटली, यात मला काही चमत्कार दिसत नाही. चमत्कार असेल तर तो त्यासाठी कर्ज मिळालं यात.

पुढच्या वर्षांतून भराभर चालत जा. रविवर्मा 1906 मध्ये गेले. श्लायशरनं त्यांची चित्रं छापणं सुरूच ठेवलं, नवे चित्रकार ठेवून नव्या तसबिरी काढल्या, मालाची लेबलं आणि जाहिराती घेतल्या. जुन्या लक्ष्मीचा चेहरा, दुसऱ्या कुणाचं कमळ, भोवती व्यापाऱ्याचं नाव. काही फारच वाईट आहेत. हात कोपरापासून निखळल्यासारखे आणि डोळे बाहुलीचे. नक्कल सगळ्यांनाच साधत नाही, हेही इथे छापून ठेवलंय.

आता एका माजघरात या. लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे, 1930 च्या आसपास. दुपारची जेवणं झालीत. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर मळवलीची लक्ष्मी पसरलेली, आणि घरची बाई तिला नेसवतेय.

"बसा. हात धुऊन या आधी, तेलाचे असतील."

तिच्या बाजूला वाटीत कणकेची खळ आहे, वाळवी-कसर लागू नये म्हणून किंचित मोरचूद घालून शिजवलेली, त्यामुळे निळसर. जुन्या खणाचा तुकडा, झिजलेल्या शालूची जर, टिकल्यांची पुडी, कलाबूत. पातळ कागद चित्रावर ठेवून तिनं लुगड्याचा आकार उतरवून घेतलाय, निऱ्यांचा वेगळा, पदराचा वेगळा. त्या आकारात कापड कापताना सुताचा तिरपेपणा बघते. निऱ्या खाली पडल्यासारख्या दिसायला हव्यात, म्हणून तिथे सूत उभं. पदर खांद्यावरून वळतो, तिथे तिरकं. कापडाच्या कडेला खळ, मधे नाही, नाहीतर वाळल्यावर सुरकुत्या पडतात. मग जर. ती चिकटवत नाही, सुईनं कागदातून टाचते. भोक आधी पाडून ठेवलेलं, म्हणजे कागद फाटत नाही. शेवटी टिकल्या, मुकुटावर आणि कंबरपट्ट्यावर.

तुम्ही उत्साहानं एक टिकली लक्ष्मीच्या कपाळावर ठेवायला जाता.

"अहो, नाही! चेहरा, हात, पाय, यांना लावायचं नाही काही. तेवढं त्यांनी केलेलं तसंच ठेवायचं. आपलं काय ते कापडचोपड."

त्यांनी म्हणजे कुणी, हे ती सांगत नाही. तिला ठाऊकही नसावं. तसबिरीच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आहे, कार्ला-लोणावळा. खणाच्या तुकड्याखाली ते अर्धं झाकलं गेलंय. पण तुम्हाला कार्डाचा नियम मिळाला. दगडावरच्या त्या माणसानं गालावर ठेवलेले ठिपके आणि या बाईचं कापड यांच्यामधली सीमारेषा तिनं कात्रीनं अचूक आखलीय. लक्ष्मी आता बाजारातली राहिली नाही, या घरची झाली. शेजारच्या घरातली लक्ष्मी त्याच दगडावरून उतरलेली, पण तिचं लुगडं निळं आहे. खऱ्या रंगाचा तुमचा प्रश्न इथे कुणाला पडतच नाही.

1972 मध्ये थांबू नका. मळवलीचा छापखाना त्या साली आगीत गेला. कागद, तेल, व्हार्निश; जळायला काही कमी नव्हतं. कितीतरी मूळ छाप त्यात गेले. जे वाचलं ते माजघरांत, देवघरांत, काचेमागे वाचलं. नेसवलेलं, धुरकटलेलं, कुंकवाचे डाग पडलेलं.

परत आलात. टेबलाशी बसा, पंखा बंद करा, टिकल्या उडतात. रविवर्म्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, चित्रांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, तेव्हा तुम्हाला हवं तसं कापायला मोकळीक आहे. अडचण फक्त तुमच्या हाताची. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा असेल तर उत्तम. 1940 साली सुरू झालेली ही संस्था चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते, आणि सुताचा कागद सुई सहन करतो. लोणावळ्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर हा उद्योग नको. करायचाच तर कार्डं रात्रभर वहीखाली दाबून ठेवा, नाहीतर सकाळी पापडासारखी वळलेली मिळतील.

सख्या काढून टाका. एक तरी ठेवावीशी वाटेल, तीही काढा. पान, हात, वाकलेली मान, एवढं पुरे. चित्र कार्डाच्या एका अंगाला सरकवा, गेऱ्हार्टच्या काळासारखं, आणि उरलेली जागा मजकुराला ठेवा. आता पाठीमागे लिहिता येतं म्हणून पुढची जागा भरून टाकायची असं थोडंच आहे! रंग तुमच्या खणाच्या तुकड्यावरून ठरू द्या. गुळेदगुडचा खण असेल तर त्याच्या काठाची रुंदी कार्डाला जड होते. काठाचा फक्त एक धागापट्टा घ्या, पदराच्या कडेला पुरतो. भोकं आधी पाडा. जर ओढताना मागे गाठ मारू नका, चपटी करून कागदाच्या पट्टीनं झाका. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे सांगून झालंय.

मागे श्रेय लिहायची वेळ येते तेव्हा पेन थबकतं. चित्र राजा रविवर्मा, हे सोपं. छपाई मळवली, हेही. ठिपके देणाऱ्याचं नाव नाही, घासणाऱ्याचं नाही, माजघरातल्या बाईचं तुम्ही विचारलंच नाही. तुमचं स्वतःचं नाव खाली लिहा, लाजू नका, पण वरच्या ओळींपेक्षा बारीक अक्षरात.

आणि हे कार्ड पोस्टात उघडं टाकू नका. शिक्क्याच्या एका फटक्यात टिकल्यांचा भुगा होतो. पुठ्ठा घालून जाड पाकिटात घाला, काउंटरवर वजन करून घ्या. शकुंतलेला ही दगदग नव्हती. तिनं पत्र लिहिलं, सख्यांना वाचून दाखवलं, आणि दुष्यंत वेलींच्या आड उभा राहून ऐकतच होता. तो तिथल्या तिथे पुढे आला. तुमची आत्या डोंबिवलीला असते. तिकीट नीट लावा.